सरकणारा डोंगर

तीर्थस्वरूप मामांना सविनय नमस्कार.

मामा, मी इशारा देऊनही त्या दिवशी नदीला पूर आलाच नसता, तर तुम्ही माझ्याशी पुन्हा कधी बोलला असतात का? (आई म्हणते, "बोलला असता, पण टोमणेच मारले असते.") तुमचा खोकला आणि मामींचा गुडघा आता बरा असेल, अशी आशा आहे. तुम्ही दोघं सुखरूप आहात हे कळल्यापासून मी इतकी निर्धास्त झोपते, की आईला मला हलवून उठवावं लागतं.

आता खरं काय घडलं ते लिहिते, कारण तुम्ही गल्लीत भलतंच सांगत फिरता. (मी पूर "पाठवला" नाही, मामा.) आमच्या हवामान खात्याचं रडार आकाशात लहरी सोडतं. पावसाच्या थेंबांवर आपटून त्या परत आल्या, की पडद्यावर डाग दिसतो, आणि त्यावरून नदी किती चढेल याचा अंदाज आम्ही बांधतो. पण तुमच्या नदीच्या उगमाजवळच्या डोंगरावरूनही लहरी परत येतात, त्यामुळे तिथे बारा महिने लाल डाग. नवीन माणूस घाबरू नये म्हणून साहेबांनी त्या जागी पडद्यावर कागदाचा तुकडाच चिकटवून टाकला होता. (पडदा पुसतानाही कागदाला वळसा घालायचा, अशी आमची शिस्त.) त्या दुपारी कागदाच्या कडेने लाल रंग डोकावताना दिसला. मी नखाने कागद खरवडून काढला. डाग पसरत होता. "साहेब, डोंगर सरकतोय!" मी ओरडले. साहेब चष्मा शोधत म्हणाले, "डोंगर सरकत असेल, तर ते आपलं खातं नव्हे." मग चष्मा सापडला आणि त्यांचा चेहरा उतरला. इशारा तिथल्या तिथे गेला.

लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात? "भाचीबाई, इथे लख्ख ऊन पडलंय. तुझ्या यंत्राचे डोळे तपासून घे." पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं, हे मी परोपरीने समजावलं, तुमचं शिलाई मशीन मात्र थांबेना. शेवटी मामींना सांगितलं. त्या तुमची कात्री उचलून टेकडीवरच्या शाळेकडे निघाल्या, आणि तुम्ही कात्रीसाठी मागे धावलात. उन्हातच नदी दुकानात शिरली, तेव्हा तुम्ही वर मामींशी भांडत होतात. ते भांडण फोनवर ऐकून मला इतकं बरं वाटलं, की रडूच आलं.

आपली आज्ञाधारक
भाची

ता. क. एक विनंती राहिली. तुमचा माझ्यावर नाही, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास आहे. आमच्या खात्याला नदीची पातळी बघून कळवणारं माणूस हवं आहे. तुमच्या दुकानाच्या नदीकडच्या भिंतीवर मोजपट्टी रंगवू द्यावी आणि ते काम तुम्हीच घ्यावं. पाणी पिवळ्या रेघेला टेकलं, की आम्हाला फोन करायचा आणि घर सोडायचं.

ता. क. दुसरं. तुमच्या उत्तराची वाट पाहणार होते. पण तुम्ही कापड आणायला गेला होतात, तेवढ्यात भिंत रंगवून घेतली. नेमणूक मामींची केली आहे. घर सोडायचा हुकूम आता त्या देतील.