मोकळी

रविवार, ३ ऑगस्ट २००८

आले बाई एकदाची! सिंगापूरच्या हौगांगमधला हा फ्लॅट आठव्या मजल्यावर आहे, खोलीला मोठी खिडकी आहे आणि खालीच हॉकर सेंटर, खाण्याच्या स्टॉलांचं, म्हणजे स्वयंपाकाचा प्रश्न मिटला. घरमालक साधनाकाकू आणि उल्हासकाका मूळचे सांगलीचे, पण आता पुरते इथलेच झालेले. काका बँकेत हिशेब तपासतात आणि घरी मौन पाळतात. बोलण्याचं खातं काकूंकडे. मला पाहताच त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पुण्याहून नोकरीला आलेय, सासरी नाही, असं म्हणणार होते, पण तेवढ्यात फक्कड चहा समोर आला. पलंगाच्या वर छताला एक भक्कम हूक आहे. तिथे कागदी कंदील टांगणार आहे मी.

बुधवार, ६ ऑगस्ट

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत घरच्या बातम्या वाचल्या. मुंबईच्या हायकोर्टाने एका बाईला गर्भपाताची परवानगी नाकारली. वीस आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. कायदा बदला म्हणणारे आणि बदलू नका म्हणणारे तावातावाने भांडताहेत. उद्या मुदत वाढेल, परवा कमी होईल. दर वेळी मी कुणाच्या तोंडाकडे बघत बसायचं?

मला मूल नको आहे. कॉलेजात असल्यापासून ठाऊक आहे हे मला, आणि आता सत्ताविशी संपत आली तरी तसूभर फरक नाही. इथे लग्न न झालेल्या मुलीलाही नसबंदीचं ऑपरेशन करून मिळतं, नवऱ्याची सही आणा म्हणत नाहीत. ठरलं माझं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

झालं! डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत विचारत होत्या, "शुअर ऑर नॉट? आफ्टरवर्ड कॅनॉट चेंज, आह." मी म्हटलं, शुअर. बेंबीजवळ छोटासा टाका आणि संध्याकाळी घरी.

दार काकूंनी उघडलं. हॉस्पिटलात जातेय एवढंच त्यांना माहीत होतं. मला इतकं हलकं वाटत होतं की उंबऱ्यातच म्हणाले, "काकू, मोकळी झाले मी!"

त्या थबकल्या. डोळे भरून आले त्यांचे. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, सगळं छान झालं. त्यांनी लगेच मीठमोहऱ्या आणून माझी दृष्ट काढली. प्रेमळ आहेत.

रविवार, २१ सप्टेंबर

अळिवाची खीर, तूप घातलेला मऊ भात, डिंकाचे लाडू. कानांत कापसाचे बोळे, वर स्कार्फ. पोटाला जुन्या सुती साडीचा पट्टा. एका टाक्यासाठी ही बाळंतिणीची बडदास्त!

अगं बाई. हे लिहिताना आत्ता उजेड पडला. बाई बाळंत झाली की आपल्याकडे म्हणतात, मोकळी झाली. आणि ऐकणारी विचारते, काय झालं? मुलगा की मुलगी? हसून हसून टाका दुखायला लागला. उद्या नीट सांगते त्यांना.

सोमवार, २२ सप्टेंबर

सांगितलं. मूल होऊ नये म्हणून ऑपरेशन करून घेतलंय, मी गरोदर नव्हतेच, तुम्ही मला रोज बघत होतात की. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या की स्मितासुद्धा सुरुवातीला असंच म्हणायची. स्मिता म्हणजे या खोलीतली आधीची भाडेकरू. काका पेपरामागून बाहेर आले नाहीत.

आंघोळ करून आले तर हुकाला स्प्रिंगचा पाळणा. इथल्या घरांत असतो तसा, कापडाच्या झोळीचा. आत काही नव्हतं. पण स्प्रिंग ताणलेली होती.

बुधवार, २४ सप्टेंबर

शेजारच्या चिनी आंटी लाल खजुरांचा चहा देऊन गेल्या. "यू रेस्ट मोर, लाह. यॉर बेबी क्राय सो लाउड." बाळ नाहीये, मी म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि एकदम आवाज बारीक केला, उठू नये म्हणून.

मी मागे वळून पाहिलं नाही. मला भीती वाटते.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

टी-शर्ट ओला झालाय. दूध आहे. माझं.

हॉस्पिटलात फोन केला. नर्स म्हणाली असं होत नाही, येऊन दाखवा. चपला घातल्या, दारापर्यंत गेले. झोळीतून आवाज आला आणि पाय मागे वळले. मी वळवले नव्हते —

रविवार, २८ सप्टेंबर

आईचा फोन. काकूंनी कळवलंय. आनंदाने रडत होती. मी ओरडले, आई, मूल होऊ नये म्हणून तर मी — तिने ऐकलंच नाही. म्हणाली, मागे रडतोय बघ, आधी त्याला घे.

त्याला.

नाही घेतलं. घेणार नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज बारसं. हॉलमध्ये बायका जमल्यात. स्मिता आलीय. छातीशी दुपटं, सारखी थोपटतेय. वाकून पाहिलं. दुपटं रिकामं होतं. इतकं हायसं वाटलं — म्हणजे काहीच नाही, नुसतं खूळ — तशीच खोलीत आले, झोळी ओढून काढायला हात घातला —

रिकामी नाही.

कोमट आहे. माझं बोट धरलंय. डाव्या हाताचं. उजव्याने लिहितेय. आत बघितलेलं नाही, बघणार नाही. मी शुद्धीवर होते, विचार करून, स्वतः सही करून मी —

काकू दारातून विचारताहेत, नाव काय ठेवायचं. मी सांगणार आहे, नाव नाही, कारण कुणी नाहीच — तोंड उघडलं. पण नाव येतंय ओठांवर. मला ठाऊक आहे ते. मला कसं ठाऊक — त्याचं नाव