भिंतीलगतची जागा आणि तिच्यावरचा कचरा

मी, रेबेका गिदोन भिंगारदिवे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार केडगाव, अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येतं, वाचणाऱ्याने चालवून घ्यावं), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून आणि माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. रक्तदाब आहे, त्याची गोळी सकाळीच घेतली आहे. यापूर्वी मी असा कोणताही लेख केलेला नाही. केला असल्याचं कुणी सांगितलंच, तर तो रद्द समजावा.

माझे पती गिदोन हे एमआयडीसीत फिटर होते. ते प्रभूमध्ये झोपी गेले त्याला बरीच वर्षं झाली. मला दोन मुलं. जॉन पुण्यात नोकरीला आहे. ग्लोरिया श्रीरामपूरला शाळेत शिकवते.

कलम १. घर. केडगावचं राहतं घर जॉन आणि ग्लोरिया यांना निम्मं-निम्मं मिळावं. विकायचं ठरलं तर दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं, फोनवर नाही. फोनवर तुमचं कधीच जमलेलं नाही.

कलम २. ठेव. बँकेत जी ठेव निघेल तिच्यातून आधी माझ्या दफनाचा खर्च भागवावा. उरेल ते ग्लोरियाचं. जॉनच्या शिक्षणाच्या वेळी तिचे दागिने राहून गेले होते. ती कधी बोलली नाही, म्हणून मी इथे बोलते.

कलम ३. गिदोनची हत्यारं. पाने, हातोडे, ड्रिल, सगळी पेटी ग्लोरियाला द्यावी. लोक म्हणतील, मुलगा असताना मुलीला हत्यारं? लहानपणी बाप मोटार उघडून बसला की हाताखाली हीच असायची. जॉन तेव्हा क्रिकेट खेळायला जायचा. त्याचा राग नाही, पण पाना कुठल्या बाजूने धरायचा हे तिला माहीत आहे.

कलम ४. भिंतीलगतची जागा. घराच्या उत्तरेला, शेजारी रंगनाथ ठुबे यांच्या कुंपणाच्या भिंतीलगत अर्ध्या गुंठ्याची पट्टी आहे. ती आम्ही वेगळ्या खरेदीखताने घेतली होती. तिच्यावर गिदोनने कारखान्यातल्या टाकाऊ फळ्यांची शेड उभी केली आणि दोन खताचे हौद बांधले. तिथे आमच्या कॉलनीतला ओला कचरा कुजवला जातो आणि सुका कचरा वेगळा केला जातो. या जागेला आता गिऱ्हाईक आलं आहे आणि जॉनला ती विकायची आहे. म्हणून हे कलम लांबणार आहे.

मी दवाखान्यातून निवृत्त झाले त्या वर्षी कॉलनीत ओला-सुका वेगळा करायचं ठरलं. हिवरे बाजारची एक सहल झाली होती. तिथला स्वच्छ रस्ता बघून परत येताना गाडीत सगळेच म्हणाले, त्यांना जमतं तर आपल्याला का नाही? मीच पुढाकार घेतला, गल्लीतच मिटिंग घेतली. आयुष्यभर वॉर्डात पिवळ्या पिशवीत काय आणि लाल पिशवीत काय हेच बघितलेलं. मला वाटलं, दोन बादल्या म्हणजे काय मोठंसं!

का जमलं नाही ते आता सांगू शकते. गावात माणूस ग्रामसभेला शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बसतो. आमच्या कॉलनीत शेजाऱ्याचं आडनाव दारावरच्या पाटीवरून कळतं, आणि निम्मी घरं भाड्याची, म्हणजे पाटीही नाही. पहाटेच्या पाळीला निघालेला माणूस हातात जेवणाचा डबा धरील की दोन बादल्या? तरी पहिले काही आठवडे बायांनी हौसेने केलं. मग एका सकाळी सगळ्यांच्या देखत घंटागाडीवाल्याने हिरवी बादली आणि निळी बादली एकाच पोटात रिकामी केली. गाडीला दुसरं पोटच नव्हतं. समोरच्या मोनिकाने तिथेच बादली खाली ठेवली आणि मला म्हणाली, "ताई, आम्ही काय येडे म्हणून वेगळं करतो?" दुसऱ्या दिवसापासून निम्मे लोक गळाले.

उरलेल्यांचा कचरा मी घरी घेतला, तेव्हापासून ही शेड. पुठ्ठा, बाटल्या, लोखंड भंगारवाला नेतो. खाऊची चकचकीत पाकिटं कुणीच नेत नाही, भाव नाही म्हणून. ती आजही शेवटी गाडीतच जातात. हे लपवून काय मिळणार?

सुका कचरा निवडायला मालनबाई येऊ लागल्या. त्या आधी रस्त्यावरच्या ढिगाऱ्यातून निवडायच्या, उन्हात, कुत्र्यांच्या मधे. इथे निदान डोक्यावर पत्रा आहे आणि नळाला पाणी आहे.

आणि मग रंगनाथ ठुबे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा, की स्टँडवर भोंग्याची गरज पडली नसेल. त्यांनी आमच्या हौदांविरुद्ध अर्जावर अर्ज केले. वास येतो, माश्या होतात, भिंतीला ओल येते. तपासणीला माणूस आला, हौदाची माती हुंगून गेला, पुन्हा अर्ज. माझ्याशी बोलणं बंद. नाताळचं ताट पाठवलं तर ते तसंच झाकलेलं परत आलं. गिदोनच्या अंत्यविधीला सगळी कॉलनी आली, शेजारचं फाटक बंद राहिलं. हे मी विसरले नव्हते.

गिदोन गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मालनबाई हातात एक काळी पिशवी लांब धरून स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"बाई, ह्ये बघा. सुक्यात घातलंय. माजा हात गेला त्यात. आता न्हाई व्हायचं माज्याकडनं."

मी हातमोजे घातले आणि पिशवी उघडली. मोठ्या माणसाचे लंगोट होते, दुकानात मिळतात ते. त्यांच्यामध्ये कापसाचे आणि गॉजचे बोळे. त्यांचा वास मला ओळखीचा होता. माणूस अंथरुणाला खिळला, कुशीवर वळवला नाही, की पाठीला जखमा होतात. त्या चिघळल्या की असा वास येतो.

"कुठून आली ही?" मी विचारलं.

"ठुब्यांच्या फाटकामागची हाय. रोजच्याला आसती एक. आजवर गाडीत जायाची, आज गाडी न्हाई आली तर कुनीतरी इकडं टाकली." मग त्या म्हणाल्या, "त्यांची मालकीन लई दिवस दिसली न्हाई, न्हाई का?"

खरंच दिसली नव्हती. सविताताई गावी लेकीकडे असतात, असं ठुबे लोकांना सांगत होते आणि आम्ही ऐकत होतो.

मी मालनबाईंचे हात जंतुनाशकाने धुतले, कुठे कापलेलं नाही ना ते बघितलं आणि ड्रेसिंगची पेटी घेऊन शेजारी गेले. ठुबे फाटकापाशीच आले, फाटक न उघडता.

"कचऱ्याचं भांडायला आलात?"

"नाही. सविताताईंची पाठ बघायला आले."

त्यांनी फाटकाची कडी धरली. एवढा मोठा आवाज एकदम खाली आला. म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"जखमेनंच सांगितलं. दार उघडा, भाऊ."

आत सविताताई खिडक्या बंद केलेल्या खोलीत पडून होत्या. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. त्यांनी नवऱ्याकडून शपथ घेतली होती की, मला असं कुणाला दाखवायचं नाही. शपथ पाळायची म्हणून तो माणूस एकटा त्यांचं सगळं करत होता, जसं येईल तसं. चादरी स्वच्छ होत्या. वेणी घातलेली होती, वाकडी पण घातलेली. फक्त कुशीवर कसं वळवायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मी ड्रेसिंग केलं. सविताताई रडल्या नाहीत. डोळे मिटून एवढंच म्हणाल्या, "हात हलका आहे तुमचा."

बाहेर आल्यावर ठुबे पायरीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिटिंगला तुम्ही म्हणालात, प्रत्येकाच्या बादलीत काय आहे ते दिसलं पाहिजे. मी घरी आलो. हिनं खिडकीतनं ऐकलं होतं. म्हणाली, आता माझे लंगोट गल्ली बघणार. त्याच दिवशी ठरवलं, हे चालू द्यायचं नाही."

कॉलनीत योजना का फसली याची कारणं मी गाडीत, ठेकेदारात, लोकांच्या आळसात शोधत बसले होते. ती सगळी खरीच आहेत. पण घरातला कचरा म्हणजे घरातलं आजारपण, घरातली दारू, घरातली चणचण. ते वेगवेगळं करून दारात ठेव म्हटल्यावर माणूस दार लावून घेणारच. दवाखान्यात पिशवीवर रोग्याचं नाव नसतं. इथे प्रत्येक बादलीला पत्ता होता.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. अंगावरून काढलेलं, रक्ताचं, औषधाचं जे असेल ते जाड कागदात गुंडाळून, लाल खूण करून वेगळं द्यायचं. कुणी उघडणार नाही, कुणी विचारणार नाही. मी घरोघर जाऊन हे एकेका बाईला स्वयंपाकघरात बसून सांगितलं. मिटिंग घेतली नाही. गळालेल्यांपैकी बरीच घरं परत आली. सगळी नाही.

सविताताईंच्या जखमा भरत आल्या. खोलीच्या खिडक्या उघडल्या. पुढच्या थंडीत त्या अंगणात खुर्चीवर बसायच्या आणि मालनबाई भिंतीपलीकडून त्यांच्याशी गप्पा मारत पुठ्ठे बांधायच्या. दोघी मूळच्या पारनेरकडच्या निघाल्या. वर्षभराने सविताताई गेल्या, झोपेत. ठुब्यांनी माझी कधी माफी मागितली नाही. तेराव्यानंतरच्या सकाळी ते फावडं घेऊन आले आणि हौद उपसायला लागले. तेव्हापासून उपसतात.

म्हणून लिहिते: ही जागा मालनबाई हयात असेपर्यंत विकू नये. शेडची, नळाची आणि हौदांची वहिवाट त्यांची राहावी. मी त्यांना विचारलं होतं की, तुमच्यानंतर सुनेच्या नावे वहिवाट लिहू का? त्या म्हणाल्या, "न्हाई बाई. तिला ह्या कामात न्हाई घालायची. ती शिवनक्लासला जाती. माज्यापुरतं लिवा." त्यांचं बरोबर आहे. जे काम करणाऱ्यालाच आपल्या लेकरांसाठी नको असतं, त्याच्यावर उभी असलेली योजना किती टिकणार, हे ज्याचं त्याने ठरवावं. मालनबाईंनी काम सोडलं किंवा त्या गेल्या, की जागा दोन्ही मुलांची. खुशाल विकावी.

कलम ५. जॉनच्या प्रश्नाबद्दल. मागच्या महिन्यात जॉनने हा मसुदा वाचला आणि शांतपणे विचारलं, "आई, एवढी वर्षं केलंस. शहराबाहेरचा ढीग कमी झाला का?"

नाही झाला. आमच्या कॉलनीचा वाटा त्या डोंगरात कुणाला दिसणारही नाही. बनवणारे पाकिटं बनवायचे थांबले नाहीत, आणि जोवर ते थांबत नाहीत तोवर आम्ही नळ उघडा ठेवून फरशी पुसतो आहोत. पण आमच्या गल्लीत आता कुणी प्लास्टिक जाळत नाही. ओला कचरा इथेच मुरतो, दारांपुढे कढीपत्ता आणि शेवगा आहे. मालनबाईंच्या हाताला गेली काही वर्षं काच लागलेली नाही. आणि एक बाई बंद खोलीत कुजून मेली नाही. मी त्याला सांगितलं, एवढंच आहे, यापेक्षा जास्त सांगितलं तर खोटं होईल. आणि एवढ्यासाठी मी पुन्हा पहिल्यापासून करीन.

त्याला पटलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी वकिलांकडे मला तोच गाडीवर घेऊन गेला. माझा मुलगा असा आहे, हे ग्लोरियाने भांडताना लक्षात ठेवावं.

कलम ६. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. रंगनाथ ठुबे यांनी करावी. ते सरकारी कागदाला घाबरत नाहीत, हे त्यांच्या अर्जांवरून मला पक्कं ठाऊक आहे. त्यांच्याआधी मी जाईन की नाही हे प्रभूच्या हातात आहे. ते आधी गेले तर हे काम ग्लोरियाने करावं.

कलम ७. जुने हिशेब. आमच्या कॉलनीच्या स्वच्छता समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी उद्‌घाटनाला दोन्ही हातांत बादल्या घेऊन फोटो काढला आणि पुन्हा शेडकडे फिरकले नाहीत. त्या बादल्यांत त्यांनी कोरफड लावली आहे. ती त्यांनी ठेवावी, चांगली वाढली आहे. मोनिकाचा मला राग नाही. तिचा प्रश्न रास्त होता.

कलम ८. देह. डोळे दान करावेत, फॉर्म भरलेला आहे. दफन गिदोनच्या शेजारी. पाळकांनी उपदेश छोटा ठेवावा, लोकांना कामं असतात.

हे शेवटचं पान लिहीत असतानाच कोपऱ्यावर घंटागाडी आली. आता तिला दोन पोटं आहेत आणि दोन्हींत बरोबर पडतं की नाही हे बघायला ठुबे रोज तिथे उभे असतात. नवीन भाडेकरू करण सगळं एकाच पिशवीत घेऊन आला होता. ठुब्यांनी त्याला अडवलं. तो वैतागून म्हणाला, "काका, मी कसंही टाकीन. तुमचं काय जातंय?"

मला वाटलं, आता आवाज चढणार. मी लिहायची थांबले.

"माझं जायचं ते गेलंय, बाळा," ठुबे म्हणाले. "आण ती पिशवी. दोघं मिळून करू."

खिडकीतून बघितलं तर दोघे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते आणि गाडीवाला घंटा बंद करून थांबला होता.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे म्हणून खाली सही करते.

सही: रेबेका गिदोन भिंगारदिवे

आम्ही दोघांनी लिहून देणारीस सही करताना समक्ष पाहिले आणि तिच्यासमोर आमच्या सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: डॉ. ज्ञानेश्वर पुंजाराम औटी, केडगाव
साक्षीदार २: पूजा ओंकार लोंढे, केडगाव

स्थळ: केडगाव, अहिल्यानगर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५