गेनाआजीच्या पाण्यात काय सापडलं

सोफिया, १४ नोव्हेंबर

आदरणीय रादुलमामा,

तुम्हाला आणि कालिनामामींना ओग्न्यानचा वाकून नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (की उजवा? मागच्या पत्रात तुम्ही दोन्ही लिहिले होते.) मामींचं खारवलेल्या कोबीचं पिंप भरून झालं असेल. इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात गेले सहा आठवडे मी खुशाल नाही, पार हादरून गेलो आहे. वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाचं असं होऊ नये. तुमच्या भाचेसुनेला, रुझाला, सांगायला गेलं की ती नुसती हसते, म्हणून तुम्हाला लिहितो.

डोंगरापलीकडच्या चेर्नाक गावात गेनाआजी नावाची म्हातारी आहे. वय शहात्तर. ज्याला कसला धसका बसला असेल त्याला ती तिपाईवर बसवते, डोक्यावर लाल फडकं टाकते, पळीत शिसं वितळवते आणि त्याच्या डोक्यावर धरलेल्या परातीतल्या पाण्यात ते ओतते. चर्रर्र आवाज होतो, शिशाचा काहीतरी वेडावाकडा आकार बनतो. तो बघून आजी सांगते, तू अमुक गोष्टीला भ्यायलास. मग ते पाणी तीन घोट प्यायचं, की भीती गेली. आमच्या संस्थेतल्या भाषणात मी ठणकावून सांगितलं होतं, की या पाण्यात काहीही नाही, सगळा मनाचा खेळ आहे. (टाळ्याही पडल्या होत्या.) त्यावर आमच्या ग्रंथपाल बाईंनी शांतपणे विचारलं, ‘तपासलंत का?’ मातीतले धातू मोजण्यात माझा जन्म गेला. मला असा प्रश्न! म्हणून एका रविवारी मी चेर्नाकला गेलो.

अंगणात पाय ठेवला आणि पहिला धक्का बसला. रांगेत आमचे संचालक हारालांपिएव्ह उभे! आभाळ भरून आलेलं आणि डोळ्यांवर काळा चष्मा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मला बघताच म्हणाले, ‘मी निरीक्षणाला आलोय.’ त्यांच्यामागे आमच्या सांख्यिकी विभागाच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, त्या नमुना म्हणून आल्यात. (मी दोघांनाही काहीच विचारलं नव्हतं.) माझी पाळी आली. आजीने ओतलं, शिशाकडे बघून ‘कुत्रा’ म्हणाली. मी कुत्र्याला जन्मात भ्यालेलो नाही. खूश होऊन मी तीन घोट प्यायलो, चौथा गुपचूप बाटलीत ओतला आणि शहरात परतलो.

आता खरा धक्का ऐका, मामा. पाण्यात शिसं निघालं! थोडंथोडकं नाही, पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट. मी तीनदा मोजलं, मग दुसऱ्या यंत्रावर मोजलं, मग खुर्चीत बसलो. ज्या पाण्यात काहीही नाही असं मी जाहीर सांगितलं होतं, त्यात भलतंच काही होतं आणि ते मी प्यायलो होतो. संचालक तर दर पंधरा दिवसांनी पीत होते. आणि आजी? ती चाळीस वर्षं त्या धुरात उभी, खिडकी बंद करून (वाऱ्याने मंत्र उडून जातो म्हणे), प्रत्येक परातीतला पहिला घोट स्वतः चाखते! तिचा हात थरथरतो, हिरड्यांवर निळसर रेघ आहे. मी ते वयावर घातलं होतं. वय कसलं, शिसं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी धावत गेलो.

‘आजी, तुमच्या पाण्यात शिसं आहे!’

‘मग काय असणार? शिसंच ओतते ना मी.’

‘अहो, ते विष आहे!’

‘हे बघ लेका, गेल्या महिन्यात तूच शहरात सांगितलंस म्हणे, पाण्यात काही नाही. आज म्हणतोस विष आहे. आधी घरी जाऊन तुझं तू ठरव.’

मी ठरवायला घरी परतलो. पण गावाने आधीच ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंत बातमी खोऱ्यात पसरली, की सोफियाच्या शास्त्रज्ञाने यंत्रावर तपासलं आणि आजीच्या पाण्यात ‘सापडलं’. काय सापडलं हे कुणी विचारलं नाही. पुढच्या रविवारी रांग दुप्पट, वर एक अख्खी बस. मी फाटकाशी उभा राहून घसा कोरडा करत होतो, पिऊ नका, पिऊ नका! एका आजोबांनी माझी पाठ थोपटली, ‘शाब्बास. उशिरा का होईना, तुम्हा लोकांना कळलं.’

मी आजीला सुचवलं, शिशाऐवजी मेण ओता. ती म्हणाली, मेणाने पोरांची भीती जाते, मोठ्यांच्या भीतीला धातूच लागतो. आणि त्याच दुपारी तिच्या हातातून पळी सुटली. वितळलेलं शिसं तिच्या पावलापासून बोटभर अंतरावर पडलं. आजीने सगळ्यांना बाहेर काढलं, मला मात्र थांबवलं आणि तिपाईवर बसली. मग खाली बघत म्हणाली, ‘चाळीस वर्षं ओततेय मी. माझं कुणी ओतलं नाही रे.’

‘तुम्हाला कसली भीती, आजी?’

‘दवाखान्याची. आमचे हे गेले तिथे, ते परत आले नाहीत. हात कशाने कापतोय ते कळतं मला, मी काय वेडी आहे? तू ओत.’

मामा, मी ओतलं. चर्चमधून मेणबत्त्यांचे तुकडे आणून वितळवले, खिडकी उघडली, तिच्या डोक्यावर लाल फडकं टाकलं. ‘तोंडाने काहीतरी म्हण,’ आजी आतून ओरडली. मला एकही प्रार्थना येत नाही. मी हळूच सुरू केलं, हायड्रोजन, हेलियम, लिथियम… कॅल्शियमपाशी आजीने विचारलं, ‘हे सगळे संत का?’ मी हो म्हटलं. मेण पाण्यात गोठलं. ‘काय दिसतं?’ मी खरं तेच सांगणार होतो, की मेण दिसतं. पण फडक्याखाली तिची हनुवटी थरथरत होती. मी म्हणालो, ‘दार दिसतं, आजी. उघडं आहे. तुम्ही बाहेर येताय.’ वीस वर्षांत न दिसलेली गोष्ट मी पहिल्यांदाच दिसली म्हणून सांगितली, आणि माझा आवाज जराही कापला नाही. याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला आहे.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन माझ्या गाडीत बसली. तीन आठवडे दवाखान्यात होती. परवा घरी आली, आता स्वतःचा चहा न सांडता पिते. आमचंही सगळ्यांचं रक्त तपासलं. काळजी नको, शिसं प्यायचं नाही एवढंच पथ्य आहे. यापुढे आजी फक्त मेण ओतणार, पण तिच्या अटीवर. तिच्या दारावर आता माझ्या सहीचा कागद लटकतो, ‘शिशापेक्षा मेण सर्व दृष्टींनी श्रेष्ठ.’ खाली संस्थेचा शिक्का आहे. (संचालकांनी मजकूर न वाचताच मारला.) विज्ञानाशी मी बेइमानी केली का, हे तुम्हीच सांगा. वाक्य तर खरं आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
ओग्न्यान

ता. क. – पत्राचं खरं कारण राहिलंच. मेणबत्त्यांचं मेण फार धुरकट निघतं. तुमच्या मधमाश्यांच्या पेट्यांमधलं शुद्ध मेण निघेल तेवढं शुक्रवारच्या बसने पाठवा. संस्थेच्या पत्त्यावर नको.

ता. क. २ – रुझा खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, मामांना तरी खरं लिही. लिहितो. मी पहिल्यांदा गेलो तो नमुना आणायला नाही. वसंतात भूकंपाचा धक्का बसला, तेव्हापासून मी स्वयंपाकघरात दाराशी खुर्च्या जोडून, पायांत बूट घालून झोपत होतो. नमुन्याचं मला अंगणात संचालक दिसल्यावर सुचलं. बाटली खोकल्याच्या औषधाची होती. (मोजणीची चिंता नसावी, नंतर नीट धुतलेल्या बाटलीत पुन्हा नमुना घेतला.) त्या रविवारपासून मी पलंगावर, बूट काढून, गाढ झोपतो. असं का व्हावं, हे कुणाला तरी विचारायला हवं. पण ज्यांना विचारावं अशी संस्थेतली सगळी माणसं सध्या मेणाची वाट बघताहेत.