अकरा कुलपं

३ फेब्रुवारी
नवा जिल्हा होऊन सहा महिने झाले, आता आमच्या वाडीची आठवण झाली. तहसीलचा कागद आला: गावाचा इतिहास, गावाची लोकसंख्या. शाळेत मास्तर मी एकटाच, म्हणून लिहिणारही मीच. इतिहासाला दोन ओळी जागा. लिहिलं: तेलंगणातून तळं खोदायला आलेली माणसं, तळं झालं, माणसं राहिली. दीड ओळीत संपलो आम्ही. तळ्यात यंदा थेंब नाही, ते लिहिलं नाही.

लोकसंख्येपाशी हात अडला. घरं वीस. कुलपं अकरा. सगळे ऊसतोडीला. धाकटा भाऊ पोशट्टी, त्याची बायको, दोन पोरी, तेही.

५ फेब्रु.
उदगीरला जाऊन आलो. कारकून बरा माणूस, पण... "गुरुजी, चूल पेटलेली दिसली तरच घर धरायचं. घरं दहाच्या आत भरली तर वाडी शेजारच्या गावात जाईल. साहेब गुरुवारी बघायला येणारेत." म्हणजे पाण्याचा टँकर तिकडेच थांबणार. दीड कोस. म्हातारी माणसं घागर घेऊन दीड कोस जाणार?

उघडी घरं नऊ. एक कमी. फक्त एक.

६ फेब्रु.
किल्ल्या सगळ्या गंगाक्काकडे, वाडीत थोरली तीच. जाणारा चूल सारवतो, किल्ली तिच्या हाती देतो, आल्यावर स्वतः पेटवतो. मागे दुसऱ्या कुणी पेटवली तर गेलेला परतत नाही म्हणतात. मी पोरांना विज्ञान शिकवतो. तरी किल्ली मागताना जीभ अडखळली.

अक्का भ्यायली की तेलुगूत शिरते. "वद्दु, सायलू, वद्दु." नको, नको. मग मराठीत: "लोकाच्या घराला कशापायी हात लावतोस? लई धीर आसंल तर भावाचं उघड."

किल्ली दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

१० फेब्रु.
पेटवली. आईला सांगितलं नाही. तीन काड्या वाया गेल्या. साहेबांनी जीपमधूनच धूर बघितला. दहा घरं. पोशट्टीची चार माणसं हजर, सही माझी. वाडी वाचली.

२ मार्च
टँकर आला. आई म्हणाली, "पोशट्टी आसता तर दोन खेपा त्यानंच केल्या आसत्या." त्याला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. मुकादमाचा निरोपही नाही. लिहिता-वाचता माणूस मी, भीती वाटायला नको. वाटते.

२१ एप्रिल
हंगाम संपला. दुपारी ट्रक आला, सगळी माणसं उतरली. पोशट्टी नाही. त्याची बायको म्हणाली, "ताप हाय. दवाखान्यात ठिवलंय. मुकादम म्हनला, धाडून देतो." पोरींना घेऊन घरात गेली. लगेच बाहेर आली.

"भावजी, चुलीत राख कशी?"

अक्का खाली मान घालून बसलेली. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. सकाळच्या गाडीनं कारखान्यावर निघतोय. ताप कधीपासून, ते विचारायचं राहिलं. राहिलं नाही. विचारलं नाही.