मळ्यातली दिशा

आबा,

आज सकाळी पूजा आटोपून गच्चीवर गेलो आणि तुमची आठवण आली. निफाडकडच्या आपल्या मळ्यात पाणी भरता भरता तुम्ही फावडं बांधाला टेकवायचे आणि मला खांद्याला धरून वळवायचे. "तिकडं बघ, मावळतीच्या उजव्या अंगाला. सप्तशृंगीचा गड हाय तो. जाणं व्हईल तवा व्हईल, हात तर जोडशील?" ती सवय मी नाशिकला घेऊन आलो. तुम्ही गेल्यावर आईला इंदिरानगरला आणलं, तेव्हा तिलाही गच्चीवर नेऊन मावळतीच्या उजव्या अंगाचा एक धुरकट डोंगर दाखवला. म्हणालो, "तो बघ गड." दम्यामुळे गडावर जाणं तिला झेपत नव्हतं. दोन ठिकाणी बसत, धापा टाकत ती जिना चढायची आणि त्या डोंगराला हात जोडायची. तिचं देवदर्शन तेवढंच उरलं होतं.

मग लॉकडाऊन आला. अंबडची आमची कंपनी बंद, रस्त्यावर गाडी नाही, सगळं शहर दारं लावून बसलेलं. दवाखान्यांच्या बातम्या ऐकून जीव दडपायचा. पण हळूहळू हवा धुतल्यासारखी झाली. एका सकाळी आई मध्ये न बसता जिना चढून गेली. मी मागून पोचतो तर ती कठडा धरून उभी आहे. "आरं, हे कवा उगवलं?" आमच्या डोंगराच्या बऱ्याच उजवीकडे, पार लांब, निळ्या डोंगरांची रांग उभी होती आणि तिच्यात तो ओळखीचा कातळमाथा. गड तो होता. इतकी वर्षं आम्ही रामशेजच्या किल्ल्याला हात जोडत होतो. आबा, मळा सुटला तरी मी मळ्यातलीच दिशा धरून बसलो. इथून गड उत्तरेला, थोडा उगवतीकडे, हे कधी मनातच आलं नाही.

मी ओशाळलो. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली, आणि खोकला आला नाही. "शिकलेला ना रं तू? त्यांनी दावलं ते मळ्यातून! जाऊ दे, रामाला पोचला नमस्कार. देवीला सांगू, पत्ता चुकला व्हता." त्या दिवसांत तिच्या छातीतली शिट्टी थांबली होती.

कंपनीचा भोंगा पुन्हा वाजला तेव्हा मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. घर त्याच्यावरच चालतं. मग ती रांग पुसट होत गेली, एक दिवस दिसेनाशी झाली आणि आईची शिट्टी परत आली. आता तिला जिना चढवत नाही. तिची खाट मी उत्तरेच्या खिडकीशी घेतली आहे. मी गच्चीवरून उतरलो की ती विचारते, "दिसला का रं?"

हे पत्र टाकायला पेटी नाही, घडी घालून खिशातच राहील. आजही तिनं विचारलं. वर नुसतं पांढुरकं होतं, आबा. मी "दिसला" म्हणालो. तिनं हात जोडले, आता बरोबर दिशेला.