गार्डाच्या हाती पाठवलेलं पाकीट

पुलगाव,
२७ फेब्रुवारी २०२२

चि. दीपमाला हिस आबाचे अ. उ. आ.

फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही. चौतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून उभा राहिलो, कान तिथेच ठेवून आलो. म्हणून कागदावर लिहितो आहे. तुझी आई छाया याचा फोटो काढून तुला पाठवील. तूही तसंच लिहून पाठव. अक्षर मात्र डॉक्टरांसारखं नको, अजून तू झालेली नाहीस.

डोकं फार तापलं आहे. टीव्हीवर एक टायवाले गृहस्थ विचारत होते की ही मुलं तिकडे शिकायला गेलीच कशाला. वर बॉम्ब पडत असताना खाली तळघरात बसलेल्या पोरांना हा प्रश्न! मी टीव्ही बंद केला. तर तुझी आजी म्हणाली की बंद काऊन केला, पोरीच्या खारकीव्हचं नाव दाखवून राह्यले न. मग पुन्हा लावला. दिवसभर हेच चाललं आहे, मी बंद करतो आणि कमला लावते.

आता कामाचं. विमानं बंद आहेत, पण तिथली रेल्वे चालू आहे आणि तिकीट न विचारता माणसं पश्चिमेकडे ल्विव्हला नेते आहे. तिथून सरहद्द जवळ आहे. तेव्हा तळघरात वाट पाहत बसू नका. तू आणि रुपेश दोघं मिळून स्टेशनवर जा. रुपेशची आई विमलाबाई अल्लीपूरला गिरणीवर बसल्या बसल्या रडते, असं ऐकलं. मी तिला निरोप धाडला आहे की माझी नात त्याच्यासोबत आहे, दोघं एकाच गाडीने येतील.

एक गोष्ट माझी ऐकच. दोघांचे पासपोर्ट आणि कॉलेजचे कागद एकाच थैलीत घाल आणि थैली तुझ्या गळ्यात अडकव, कोटाच्या आतून. रुपेश हा परीक्षेला जाताना हॉल तिकीट खोलीवर विसरणारा मुलगा आहे. गाडीचे सगळे कागद एकट्या गार्डाजवळ असतात, ते उगाच नाही.

निघालात की कळव. माझा लोभ तुला कधी मागावा लागत नाही, तुझाही तसाच असू दे.

तुझा आबा,
गुलाब थूल

—

ल्विव्ह स्टेशन,
३ मार्च २०२२

ती. आबांस दीपमालाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी ल्विव्हला पोचले. जिवंत आहे, धडधाकट आहे. एवढं आजीला आधी वाचून दाखवा आणि पुढचं तुम्ही एकट्याने वाचा.

आबा, मी तुमच्यावर फार चिडले आहे. मोठ्यांना असं लिहू नये हे मला कळतं, तरी लिहिते आहे.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. दोघांचे कागद एका थैलीत आणि थैली माझ्या गळ्यात. परवा सकाळी आम्ही पायी स्टेशनवर गेलो. फलाटावर एवढी माणसं होती की पाय टेकवायला जागा नव्हती. मधेच कुठेतरी धडाम झालं की सगळी गर्दी एकदम खाली बसायची. गाडी आली तेव्हा आम्ही नऊ नंबरच्या डब्यापुढे होतो. दारात निळ्या कोटातली एक बाई, त्या डब्याची अटेंडंट. ती ओरडत होती की आधी बायका आणि मुलं. तिने माझ्या दंडाला धरून मला अक्षरशः आत ओढलं आणि रुपेशच्या छातीवर हात लावून त्याला मागे ढकललं. मी तिला सांगत होते की तो माझ्यासोबत आहे, त्याचे कागद माझ्याकडे आहेत. चार वर्षांत पेशंटशी बोलण्यापुरती रशियन शिकले, ती सगळी त्या दोन मिनिटांत संपवली. तिने ऐकलं नाही. दार लावलं.

रुपेश काचेपाशी आला आणि आपल्या गळ्याकडे बोट दाखवू लागला. थैली मागत होता, आबा. खिडकी उघडेना. मी काचेवर थैली धरून उभी राहिले आणि गाडी सुटली.

आता तो लढाईच्या शहरात आहे आणि त्याच्याकडे तो कोण आहे हे सांगणारा एकही कागद नाही. रस्त्यात जागोजागी बंदूकवाले ओळखपत्र बघतात. त्याचा फोन बंद आहे. तुमची ती गार्डाची रीत नसती तर पासपोर्ट त्याच्या खिशात असता. विसराळू असला तरी स्वतःच्या खिशात असता!

इथे सगळे म्हणतात की बस उभी आहे, सरहद्द पार कर. मी जाणार नाही. त्याचा पासपोर्ट घेऊन मी देशाबाहेर गेले तर विमलाकाकूंना कोणतं तोंड दाखवू? इथे स्टेशनातल्या फरशीवर झोपते. एक म्हातारी दोन्ही वेळा सूप आणून देते, तेव्हा खाण्याची काळजी करू नका.

राग आहे, पण लोभ तुटलेला नाही. तुमचाही तुटू देऊ नका.

तुमची,
दीपमाला

—

पुलगाव,
४ मार्च २०२२

चि. दीपमाला हिस आबाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मोबाईलवर अक्षरं मोठी करून स्वतः वाचलं, दोनदा. पहिल्यांदा मला तुझाच राग आला. ज्याने तुला सायकल शिकवली त्याला तू असं लिहितेस? दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की तू लिहिलं ते खरं आहे. चूक माझी आहे. लढाई माहीत नसताना पुलगावच्या ओट्यावर बसून मी हुकूम सोडले. गार्ड गाडी सोडून जात नाही म्हणून कागद त्याच्याजवळ ठेवतात. तू तर प्रवासी होतीस, तुला कोणीही कुठेही ओढणार होतं. एवढं साधं मला सुचलं नाही.

सकाळी अल्लीपूरला जाऊन आलो. छाया म्हणत होती की फोनवर सांगा. मी म्हटलं, ऐकू येत नाही त्याने फोनवर काय सांगायचं आणि शिव्या कशा ऐकायच्या! विमलाबाईने गिरणीचा पट्टा थांबवला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला विचारलं की गुलाबराव, माह्या पोराचे कागद तुमच्या पोरीच्या गळ्यात टाकाले कोणं सांगतलं होतं. मी म्हटलं, मीच. मग ती खूप बोलली. मला सगळं ऐकू आलं.

पण तिच्याकडूनच चांगली बातमी कळली. रुपेशने आज पहाटे कोणाच्या तरी मोबाईलवरून घरी फोन लावला होता. तो शहराबाहेरच्या एका गावात आपल्याकडच्या काही विद्यार्थ्यांसोबत आहे. पायाला फोड आले आहेत, बाकी ठीक आहे. कागद नाहीत म्हणून रस्त्यात दोनदा अडवला, एकदा तर हात वर करून अर्धा तास उभा ठेवला. स्टेशनवर पुन्हा जायला भितो.

आता ऐक. हा हुकूम नाही, हुकूम करायचं तोंड मला राहिलं नाही. तुला घेऊन आली ती गाडी रिकामी परत जाते, आणखी माणसं आणायला. ती बाईही तिच्यासोबत परत जाते. बडनेऱ्याला ड्यूटीवर असलेल्या माणसाचा जेवणाचा डबा पुलगावहून आमच्या हाती जायचा. औषधं जायची, पोरांची पुस्तकं जायची. पावती नाही, शिक्का नाही. गार्डाच्या हाती दिलं म्हणजे पोचलं, एवढंच. तू नऊ नंबरच्या त्या बाईला गाठ आणि रुपेशचे कागद पाकिटात घालून तिच्या हाती दे. रुपेशचा रात्री पुन्हा फोन येणार आहे, तेव्हा विमलाबाई त्याला नऊ नंबर सांगेल.

तू म्हणशील, जिने ढकललं तिलाच द्यायचं? हो, तिलाच. छत्तीस जणांच्या डब्यात दीडशे घेऊन दार लावावं लागतं तेव्हा बाहेर राहिलेले सगळे शाप देतात. मलाही दिलेले आहेत, आणि काही खरोखर लागण्यासारखे होते. तिच्यावर राग ठेव, पण पाकीट दे.

छाया म्हणते की आधी सरहद्द पार कर. मी काही म्हणत नाही. तुझं तू ठरव, आणि जे ठरवशील त्यात आमची माया तुझ्या पाठीशी आहे असं समज.

तुझा आबा

—

सरहद्दीपलीकडून, हंगेरी,
१० मार्च २०२२

ती. आबांस दीपमालाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

रुपेश माझ्या शेजारी बसला आहे. बाकावर पाय सोडून दुसऱ्यांदा सूप पितो आहे आणि मला लिहू देत नाही. आता सगळं नीट सांगते.

तुमचं पत्र वाचून मी खारकीव्हहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला फलाटावर उभी राहिले. पाच तारखेला ती बाई दिसली. हालिना तिचं नाव. तिला बघितल्यावर पाकीट द्यायचं राहिलं बाजूला, मी भांडायलाच लागले. जे येत होतं ते सगळं बोलले. शेवटी म्हटलं की आपलं माणूस फलाटावर सोडून येणं काय असतं ते तुला काय माहीत. तीही माझ्यावर ओरडली की बाथरूममध्ये चार बाया उभ्या होत्या, तुझ्या मित्राला काय डोक्यावर बसवू? लोक बघायला लागले. मग तिनेच हात पुढे केला. पाकीट उघडून रुपेशचा फोटो बघितला, त्याचं नाव तिच्या अक्षरांत मनगटावर लिहून घेतलं आणि पाकीट कोटाच्या आत सारलं. पावती नाही, शिक्का नाही, तुम्ही म्हणालात तसंच.

सात तारखेला गाडी आली आणि रुपेश नव्हता. तो गावातून निघूच शकला नव्हता. मला वाटलं, संपलं. हालिनाने लांबूनच मान हलवून नाही म्हणून सांगितलं आणि कोटावर हात ठेवून दाखवला की पाकीट आहे. दोन दिवस मी फलाट सोडला नाही. एक मुलगी समजूत काढायला आली, तिच्यावरही खेकसले. काल गाडी आली आणि नऊ नंबरच्या दारातून आपला विसराळू बाहेर आला. मी त्याला आधी एक थापड मारली, मग रडले.

आता जे सांगते ते रुपेशने पाहिलेलं आहे. खारकीव्हच्या फलाटावर हालिना दारातून त्याचं नाव घेऊन ओरडत होती. गर्दीतून एका मुलाने त्याला वाट करून दिली, त्याची पिशवी वर टाकली, मागून त्याला उचलून आत ढकललं. रुपेशच्याच वयाचा असेल. डब्यात माणसं चढवणं हेच त्याचं काम होतं. सगळे चढल्यावर हालिनाने खाली वाकून त्या मुलाच्या कानटोपीवरचा बर्फ झटकला, त्याला काहीतरी बोलली आणि दारापासून मागे सरकायला सांगितलं. तो मागे सरकला. मग तिने दार लावलं. रुपेशने नंतर विचारलं तेव्हा कळलं की तो तिचा मुलगा. त्या वयाच्या तिथल्या पुरुषांना लढाईमुळे देश सोडता येत नाही. तिच्या प्रत्येक फेरीला तो फलाटावर असतो आणि प्रत्येक फेरीला ती त्याच्यापुढे दार लावून दुसऱ्यांची मुलं घेऊन निघते.

आणि मी तिला काय म्हटलं होतं, आबा! तेव्हा तिने आपल्या मुलाचं नावही काढलं नव्हतं.

हे कळल्यावर मी धावत तिच्या डब्याकडे गेले. ती झाडू मारत होती. मला येणारी रशियन दवाखान्यातली, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं. त्यातलं काहीच विचारवेना. तिने एक सफरचंद दिलं आणि जा म्हणून हात हलवला.

मला लाज वाटते आणि राग येतो, आणि तो राग कोणावर काढायचा ते आता कळत नाही. तुमच्यावरचा तेवढा गेला. दिल्लीच्या विमानाची तारीख उद्या कळेल. तोवर आजीच्या हातचं काय खायचं त्याची यादी करते आहे, माया होती तेवढीच राहू द्या.

तुमची,
दीपमाला

—

पुलगाव,
१३ मार्च २०२२

चि. दीपमाला हिस आबाचे अ. उ. आ.

दिल्लीला उतरल्याचं कळलं. हे पत्र गाडीत वाच.

तुझं पत्र कमलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली की त्या बाईले लिहून पाठव, पोराले सांभाळ म्हना. मी म्हटलं, कोणत्या पत्त्यावर? तर माझ्यावरच चिडली.

काल इथे पांढऱ्या कपड्यातले चौघे जण आले होते. फ्लेक्स छापून तयार होता. वर त्यांच्या साहेबांचा हा एवढा फोटो, खाली कोपऱ्यात तुम्ही दोघं बोटाएवढे, आणि मजकूर असा की साहेबांच्या प्रयत्नांमुळे सुखरूप. त्यांना गाडीची वेळ पाहिजे होती, बँड आणायचा होता. चौतीस वर्षांत मी कोणाला गाडीची खोटी वेळ सांगितली नव्हती. काल सांगितली. ते चौघे परवा बँड घेऊन वर्धा स्टेशनवर उभे राहतील, तुम्ही उद्या सकाळी हिंगणघाटला उतरा.

आज पुन्हा अल्लीपूरला गेलो होतो. वाटलं होतं, आता पोरगा येतो आहे, विमलाबाईचा राग निवला असेल. मी हात जोडून माफी मागितली. तिने मला खुर्ची दिली, चहा दिला. मग समोर बसून शांतपणे म्हणाली की पोरगा येऊन राह्यला म्हून म्या माफ केलं असं समजू नका. नसता आला तं म्या काय केलं असतं, हे रोज एकदा सोताले इचारजा.

चहा पिऊन उठलो. बसमध्ये विचारलं. आता हे लिहितानाही विचारतो आहे.

आमचा जीव तुमच्या वाटेकडे लागला आहे, लवकर या.

तुझा आबा,
गुलाब थूल