गबरूचं वजन

प्रिय शालूताई,

तू गेल्यापासून तुला लिहायचं मी टाळत आले. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं ही पुस्तकातल्या लोकांची कामं, आपली नाहीत, असं मला वाटायचं. पण आज सकाळच्या टपालानं पुसदहून भाऊजींचं कार्ड आलं. त्यात एक प्रश्न आहे आणि त्याचं खरं उत्तर या घरात फक्त मला माहीत आहे. तुलाही ते माहीत होतं का, हे आधी तुलाच विचारावं म्हणून बसले आहे.

तुझी रंजू पाच वर्षांची झाली, ताई! तू गेलीस तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. दोन महिन्यांपासून तिला रोज संध्याकाळी बारीक ताप येतो. जेवते चांगली, पण अंगी लागत नाही. दिवाळीत शिवलेला झगा आता खांद्यावरून घसरतो, असं भाऊजींनी लिहिलंय. तिथले डॉक्टर विचारतायत की मुलीच्या आईला लग्नाआधी छातीचं काही दुखणं झालं होतं का? लवकर कळवा, म्हणजे औषध ठरवता येईल.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांची पत्रं मीच लिहिते. कार्ड वाचून दाखवलं तर ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "लिही. काहीच नव्हतं म्हनून लिही. पोरगी मी तपासून देल्ली होती."

मी तसं लिहिलं. शाई वाळली आहे, पत्ता अजून घातलेला नाही.

तुला तो अठ्ठावन्न सालचा उन्हाळा आठवतो का? होळीच्या आधी तुला ताप आला, बरगडीत कळ यायची, श्वास पुरा घेता यायचा नाही. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून पिवळं पाणी काढलं. ते पाहून मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले होते. पाणी काढल्यावर तुझा ताप उतरला, तू पुन्हा हसायला लागलीस आणि घरात कुणी त्या दुखण्याचं नाव काढेना. पुसदच्या मंडळींशी तुझं लग्न ठरलेलं होतं ना! आईनं मला बजावून ठेवलं होतं, विहिरीवर कुणी विचारलं तर ताईला ऊन लागलं होतं म्हणायचं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी बाबा गबरूला घेऊन आले. बाबा दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत कामाला. बाटल्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचा रंगवायच्या, तिथल्या जनावरांना चारा घालायचा. मागच्या पत्र्याच्या खोपटात उन्हानं एक जनावर मेलं होतं, म्हणून उरलेलं एक घरच्या ओसरीत ठेवायला आणलं, असं त्यांनी सांगितलं. लाकडी खोकं, पुढे जाळी, जाळीला सुतळीनं बांधलेला एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता.

काय गोड जनावर होतं ते! शेपूट नाही, पांढऱ्यावर तपकिरी डाग, आणि गवताची सळसळ ऐकली की शीळ घालायचं. आळीतली पोरं विलायती उंदीर म्हणायची. तू त्याचं नाव गबरू ठेवलंस. बाबा म्हणत होते मांडीवर घेऊ नका, हात धुवा, पण तू कधी ऐकलंस? दुपारभर ओसरीत बसून त्याला हराळी भरवायचीस आणि लग्नाच्या साड्यांना फॉल लावायचीस.

दर रविवारी बाबा त्याचं वजन करायचे. जनावर तराजूत स्थिर राहत नसे, म्हणून मी त्याला मांजरपाटाच्या पिशवीत घालून तोंड बांधायचे आणि बाबा पिशवी पारड्यात ठेवायचे. रिकाम्या पिशवीचं वजन बाबांनी पहिल्याच दिवशी करून ठेवलं होतं, तेच दर वेळी वजा करायचे. पहिल्या रविवारी गबरू पंचेचाळीस तोळे भरला. दुसऱ्या रविवारी त्रेचाळीस. बाबांनी तराजू पुन्हा पुसला आणि पुन्हा ठेवून पाहिलं. त्रेचाळीसच.

मग सगळ्यांनी आपापली कारणं सांगितली. आई म्हणाली ऊन, शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट, मी म्हणाले हरभरे भिजवून घालू. हरभरे घातले, मेथीच्या काड्या घातल्या, ओलं पोतं खोक्यावर टाकलं. गबरू सगळं फस्त करायचा! केसांमुळे वरून तो होता तसाच गुबगुबीत दिसायचा. पण उचलला की बोटांना कणा लागायचा, आणि दर वेळी जरा जास्तच लागायचा.

तांड्यावरून गवताचा भारा घेऊन येणारी सोनीबाई तुला आठवते? तिनं एकदा जाळीतून हात घालून त्याची पाठ चाचपली आणि पदराला हात पुसला. "हे खाते अन् वाळते, बाई," ती तुला म्हणाली. "मंग आतून त्याले कोनीतरी खाऊन राह्यलं." तू हसलीस. मग खोकलीस, आणि पाणी आणायला आत गेलीस. मी अकरा वर्षांची होते, मला त्यात काहीच जोडता आलं नाही.

मला एकच गोष्ट कळत होती. बाबा म्हणाले होते, वजन उतरत गेलं तर याला परत न्यावं लागेल. परत नेऊन काय करतात तेही त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. फळीवर ताणून टाचण्या मारतात आणि पोट उघडून पाहतात. गबरूला? आपल्या गबरूला! तिसऱ्या रविवारच्या आधी मी पिशवीची खालची किनार उसवली, त्यात बारीक वाळू भरली आणि तूच शिकवलेली तुरपाई घालून पुन्हा शिवली.

त्या रविवारी गबरू चव्वेचाळीस तोळे भरला. बाबांचा चेहरा एवढा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. एका उंदरासाठी बाबा इतके खूश कसे झाले, हा प्रश्न मला का पडला नाही?

पुढच्या आठवड्यात आणखी वाळू लागली, त्यापुढच्या आठवड्यात आणखी. आणि मग ती दुपार. मी माजघरात पिशवी घेऊन बसले होते आणि तू पाठीमागे येऊन उभी राहिलीस. मला वाटलं, आता कान धरणार. तू खाली पाहिलंस. माझ्या पायाशी वाळूची रेघ पडली होती. तू माझ्या हातातून सुई घेतलीस.

"वाळू गळून राह्यली, मंदे," तू म्हणालीस. "टाके बारीक घालावं लागतात." आणि उरलेली किनार तूच शिवलीस.

सात वर्षं मी ते वाक्य उलटसुलट करून पाहते आहे, ताई. तू गबरूसाठी शिवत होतीस ना? माझ्यासारखीच, त्याला फळीवरून वाचवायला? की पुठ्ठ्यावरचा तो आकडा कुणाच्या बाटलीचा होता, हे तुला ठाऊक होतं? पाणी तुझ्या पाठीतून काढलं होतं. डॉक्टर आणि बाबा तुझ्या खाटेशीच बोलत उभे असत. तू तर सगळं ऐकणारी, डोळे मिटून पडली असलीस तरी ऐकणारी!

सहा आठवडे झाले. आधीच्या डॉक्टरांची बदली झाली होती. नव्यांना बाबांनी पुठ्ठा दाखवला आणि वजन टिकलंय, कापायची गरज दिसत नाही, असं सांगितलं. मी रडून रडून तेच मागितलं होतं. बाबांनी कधी पिशवी सोडून त्याच्या अंगाला हात लावला नाही. इतकी वर्षं त्या कामात असलेला माणूस! त्यांनाही हात लावायची भीती वाटत असेल का? तुझं लग्न झालं. हळदीत तू इतकी देखणी दिसत होतीस की आईनं तुझ्या कानामागे काजळ लावलं.

बाबा तुला मांडवपरतणीला आणायला पुसदला गेले होते तेव्हा गबरू मेला. मी उचलला तर हातात काही आलंच नाही, नुसते केस. मांडीच्या सांध्यात तुरीच्या दाण्यांसारख्या गाठी लागल्या. सीताफळाच्या झाडाखाली त्याला पुरलं आणि बाबांना सांगितलं, मांजरानं नेला.

मग रंजू झाली आणि तू वाळायला लागलीस. तिकडे सगळे बाळंतरोग म्हणाले, काढे दिले, शेक दिले. बाबा म्हणाले, खायला घालत नाहीत. तुझ्या तेराव्याला त्यांनी भाऊजींना चारचौघांत सांगितलं की माझी धडधाकट पोर तुम्ही उपाशी मारली. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. ते तुला स्वतःच्या हातानं दूध पाजायचे, हे मी पाहिलं होतं. तरी मी गप्प राहिले.

घरी आल्यावर चुलीपाशी बाबा आईला म्हणाले, "तिच्या छातीतलं पानी त्या जनावरात सोडलं होतं मी. सहा हप्ते ठेवलं. तोळाभर नाही उतरलं. मंग पोरीले इथं काय होतं?" मी दाराआड कणीक मळत होते. माझे हात परातीतच राहिले.

पाण्यात क्षय असेल तर ते टोचलेलं जनावर वाळतं, हे त्या दिवसापासून मला माहीत आहे. वजनाचे खरे आकडे कळले असते तर तुला इंजेक्शनं मिळाली असती. लग्न मोडलं असतं कदाचित. पण तू असतीस, ताई. चिडलेली, कपाळावर आठ्या घातलेली, माझ्याशी भांडणारी असतीस! एका जनावराच्या मायेपोटी मी तुला घालवलं. आणि राग येतो तो तुझा येतो, हे तुला सांगायलाच हवं. सुई माझ्या हातातून काढून घेतलीस, तेव्हा पिशवी का नाही घेतलीस?

आता रंजू खाते आणि वाळते आहे. आणि मी पुन्हा एकदा, या वेळी शाईनं, सगळं ठीक होतं असं लिहून बसले आहे.

हे पत्र संपलं की ते दुसरं मी चुलीत घालणार आहे. मग बाबांसमोर बसून वाळूचं सगळं सांगेन. ते मारतील, किंवा बोलणं टाकतील, किंवा काहीच न बोलता सुपारी कातरत राहतील. या तिसऱ्याची मला सगळ्यात भीती वाटते. उद्या पहिल्या गाडीनं पुसदला जाऊन डॉक्टरांना आणि भाऊजींना तोंडानं सांगेन. उशीर झाला आहे की नाही ते तिथे कळेल.

फक्त एक वचन तुला देते. बाबा विचारतील, अकरा वर्षांच्या पोरीला इतके बारीक टाके कसे जमले? मी सांगेन, जमले. सगळे टाके माझेच होते.

तुझी,
मंदा